नाव सांगायचं की नाही?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल, गाण्यांबद्दल आणि विद्यापीठाच्या संगणक विभागात कुणाच्या लक्षातही नसलेल्या एका नोंदवहीबद्दल.

२८ फेब्रुवारी २००७ रोजी 'रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका' या संघटनेनं तेरा विद्यापीठांना मिळून ४०० पत्रं धाडली. ही गाण्यांच्या मोठ्या कंपन्यांची संघटना. पत्रं विद्यार्थ्यांसाठी होती, पण एकाही पत्रावर विद्यार्थ्याचं नाव नव्हतं, कारण संघटनेला नावं ठाऊकच नव्हती. तिच्याकडे होता एक आयपी पत्ता, म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे, आणि त्यापुढे तारीख आणि वेळ. विद्यापीठाला विनंती अशी होती की, त्या वेळी हा पत्ता ज्याच्या संगणकाला दिला होता तो विद्यार्थी शोधा आणि हे पत्र त्याच्या हाती द्या.

आत काय होतं? तुम्ही इंटरनेटवर आमची गाणी बेकायदा वाटत आहात, आमच्याजवळ पुरावा आहे, वीस दिवसांत तडजोड केलीत तर खटला भरणार नाही. तडजोडीची रक्कम साधारण तीन हजार डॉलर, तेव्हाच्या दरानं सव्वा लाख रुपये. त्यासाठी खास वेबसाइट काढलेली होती. वीजबिल भरावं तसं क्रेडिट कार्डाचा नंबर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. नाही भरले तर? अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात नुकसानीचा आकडा आधीच ठरवून ठेवला आहे: एका गाण्यामागे कमीत कमी ७५० डॉलर, जास्तीत जास्त ३० हजार, आणि जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर दीड लाखापर्यंत. एकोणीस वर्षांच्या पोराच्या संगणकावर दोन-तीनशे गाणी सहज असायची. गुणाकार करून पाहिला की तीन हजार स्वस्त वाटायला लागायचे. पत्राचा सगळा जोर त्या गुणाकारावर होता.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाणी अशी वाटणं बेकायदा होतं, आणि गाणं लिहिणाऱ्या, गाणाऱ्या माणसाचं त्यात नुकसान होतं, याबद्दल मला शंका नाही. मुलं निष्पाप होती असं सांगायला मी आलेलो नाही. माझा प्रश्न विद्यापीठाबद्दल आहे. ज्या संस्थेनं मुलाला राहायला खोली दिली, इंटरनेट दिलं, त्याची नोंद ठेवली, तिनं ती नोंद तिसऱ्याच्या हाती कधी द्यावी? कुणी सांगितल्यावर? आणि मुलाला आधी कळवून की मागाहून?

नेमकं घडायचं काय ते सांगतो. संघटनेनं मीडियासेन्ट्री नावाच्या कंपनीला कामाला लावलं होतं. ही कंपनी गाणी वाटण्याच्या जाळ्यात सामान्य वापरकर्त्यासारखी शिरायची, कुणाच्या संगणकावर कोणती गाणी इतरांसाठी उघडी ठेवली आहेत ते बघायची आणि आयपी पत्ता व वेळ टिपून घ्यायची. आता हा पत्ता कायमचा कुणाचा नसतो. विद्यापीठाचं जाळं तो आज एका संगणकाला देतं, उद्या दुसऱ्याला. कुणाला कधी दिला, हे फक्त विद्यापीठाच्या नोंदीत असतं. म्हणजे बाहेरचा पुरावा कितीही पक्का असला तरी तो येऊन थांबतो या नोंदवहीच्या दारात.

तिथून पुढे जायला कोर्ट लागायचं, आणि त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. संघटना 'जॉन डो' क्रमांक एक ते सतरा, किंवा एक ते एकवीस, अशा नावांनी दावा लावायची. आपल्याकडे पोलिसांच्या कागदात 'अज्ञात इसम' असतो तसा हा जॉन डो. कोर्टात हजर असायचे फक्त कंपन्यांचे वकील. समोरची बाजू रिकामीच, कारण आपल्यावर दावा लागला आहे हे त्या इसमाला माहीतच नाही. न्यायाधीश कंपन्यांना विद्यापीठावर समन्स काढायला परवानगी द्यायचे आणि विद्यापीठ नावं द्यायचं. नावं हाती आली की पुष्कळदा तो दावा मागं घेतला जायचा आणि मग तडजोडीचं पत्र थेट नावानिशी जायचं. दावा कशासाठी होता, तर नावासाठी.

याच्या आड येणारा एक कायदा होता, १९७४ चा. त्याला सगळे 'फर्पा' म्हणतात. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी त्याच्या संमतीशिवाय बाहेर द्यायच्या नाहीत, असं तो सांगतो. पण त्याला दोन खिडक्या आहेत. एक, कोर्टाचं रीतसर समन्स आलं तर माहिती देता येते, मात्र त्याआधी विद्यार्थ्याला कळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे, म्हणजे त्याला हरकत घ्यायची तर घेता येईल. दुसरी खिडकी 'डिरेक्टरी इन्फर्मेशन'ची. नाव, पत्ता, फोन ही माहिती विद्यापीठ एरवीही देऊ शकतं, विद्यार्थ्यानं लेखी मनाई केली नसेल तर. संघटनेचं म्हणणं असं की, आम्ही तरी दुसरं काय मागतो, नाव आणि पत्ताच ना? मला हा युक्तिवाद लबाडीचा वाटतो. विद्यापीठाच्या यादीत छापलेलं नाव निराळं आणि अमुक रात्री अमुक वाजता हा काय करत होता या मजकुराला जोडून दिलेलं नाव निराळं.

विद्यापीठं कशी वागली, तर प्रत्येक आपापल्या स्वभावाप्रमाणे. बऱ्याच ठिकाणी पत्रं निमूटपणे पुढे पाठवली गेली. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पत्र दिलं नाही तर मुलाची तडजोडीची संधी जाईल, असं ते म्हणायचे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनच्या कार्यालयानं मार्च २००७ मध्ये सांगितलं की, आम्ही तुमची पत्रं वाटणार नाही, रीतसर समन्स आणा, ते पाळू. मेन राज्यात विधी महाविद्यालयाच्या मदत केंद्रातले कायद्याचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली आपल्याच राज्याच्या विद्यापीठातल्या मुलांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. हार्वर्डच्या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी जाहीर लेख लिहून विद्यापीठानं संघटनेसाठी राबू नये असं सुचवलं.

नेब्रास्का विद्यापीठाचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं. तिथल्या संगणक विभागानं म्हटलं, तुमच्यासाठी मुलं शोधण्यात आमच्या माणसांचा वेळ जातो, तो करदात्यांच्या पैशाचा आहे, तर प्रत्येक तक्रारीमागे खर्च द्या. आणि काही पत्ते आम्हाला ओळखताच येत नाहीत, कारण नोंदी आम्ही सुमारे महिनाभरच ठेवतो. संघटना चिडली. पण चिडून करणार काय? नोंदच नाही तर मागणार कुठून. यात कुणी तत्त्वाचं भाषण ठोकलं नव्हतं, मोठा वकील लावला नव्हता. कधीतरी एखाद्या कर्मचाऱ्यानं डिस्क भरू नये म्हणून ठरवलं असेल की जुन्या नोंदी महिन्यानं पुसायच्या. काही मुलांची खासगी माहिती त्या एका साध्या ठरवण्यानं वाचली.

ओरेगनमध्ये मात्र सरळ लढाई झाली. ओरेगन विद्यापीठातल्या सतरा जॉन डोंची नावं मागितली गेली, आणि २००७ च्या ऑक्टोबरअखेर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, विद्यापीठाच्या वतीनं समन्स रद्द करण्याचा अर्ज केला. मुद्दा बिनतोड होता. आयपी पत्ता फार तर खोली सांगतो. एका खोलीत दोघं राहतात, मित्र येऊन संगणक वापरतात. कुणी वापरला हे ठरवायचं तर विद्यापीठाला मुलांची उलटतपासणी घ्यावी लागेल, म्हणजे फिर्यादीचा तपास विद्यापीठानं करायचा. ते आमचं काम नाही, असं राज्यानं सांगितलं. पुढे जाऊन मीडियासेन्ट्रीच्या तपासाच्या पद्धतीवरच राज्यानं प्रश्न विचारले. खासगी गुप्तहेराला परवाना लागतो, तो यांच्याकडे आहे का? एरवी या खटल्यांत एका बाजूला मोठमोठ्या वकील कंपन्या आणि दुसऱ्या बाजूला फोनवर आईला काय सांगावं या चिंतेत असलेला मुलगा, असा सामना असायचा. बॉस्टनच्या न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी भर कोर्टात ही विषमता बोलून दाखवली होती.

हे एकाएकी सुरू झालं नव्हतं. गाणी वाटण्याचं नॅप्स्टर नावाचं जाळं १९९९ मध्ये आलं तेच बॉस्टनच्या एका विद्यार्थ्याच्या हातून. एप्रिल २००३ मध्ये प्रिन्स्टन, रेन्सिलर आणि मिशिगन टेक इथल्या चार विद्यार्थ्यांवर दावे लागले. त्यांनी वसतिगृहांच्या जाळ्यात कुणाकडे कोणती फाइल आहे ते शोधून देणारे प्रोग्रॅम चालवले होते. बारा हजार ते साडेसतरा हजार डॉलर भरून ते सुटले. ज्यांनी त्या काळात पवईला आयआयटीच्या वसतिगृहात दिवस काढले त्यांना 'डीसी प्लस प्लस' हा आपसांत फाइली वाटण्याचा प्रोग्रॅम म्हणजे काय हे सांगायला नको, आणि या चौघांचा गुन्हा ऐकून ते जरा चपापतीलही.

त्याच वर्षी संघटना १९९८ च्या एका कायद्याचा आधार घेऊन न्यायाधीशाशिवाय, नुसत्या कोर्टाच्या लिपिकाच्या शिक्क्यावर नावं मागत होती. जुलैमध्ये एमआयटी आणि बॉस्टन कॉलेज यांनी नकार दिला: समन्स वॉशिंग्टनच्या कोर्टाचं, आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि फर्पाप्रमाणे विद्यार्थ्याला कळवायला वेळही दिलेला नाही. ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या कोर्टानं वॉशिंग्टनचं समन्स इथं लागू नाही हे मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये व्हेरायझन या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात अपील कोर्टानं शिक्क्याचा तो रस्ताच बंद केला. जॉन डो जन्माला आला तो त्यानंतर.

आता थोडं अवांतर. २००८ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा तक्रारी किती खात्रीच्या असतात ते तपासलं. त्यांनी अशी युक्ती केली की बिटटॉरेंट या फाइली वाटण्याच्या जाळ्यात प्रत्यक्षात काहीच न वाटणारी यंत्रं वाटताना दिसावीत. काही दिवसांत कॉपीराइटभंगाच्या नोटिसा आल्या. कुणाला? विभागातल्या प्रिंटरला! प्रिंटरनं काही तडजोड केल्याचं ऐकिवात नाही.

सिनेमावाल्यांच्या संघटनेची तऱ्हा तर और. २००७ मध्ये त्यांनी विद्यापीठांना एक फुकट सॉफ्टवेअर संच दिला, जाळ्यावर नजर ठेवायला. तो बसवला आणि काही बदललं नाही तर विद्यापीठातल्या वाहतुकीची माहिती बाहेरच्या जगालाही दिसेल, अशी त्याची मांडणी होती. शिवाय तो मुक्त सॉफ्टवेअरवर उभारलेला, पण त्या परवान्याच्या अटी पाळलेल्या नव्हत्या. एका प्रोग्रॅमरनं कॉपीराइटचीच तक्रार केली आणि संच वेबसाइटवरून उतरला. याच संघटनेनं अमेरिकेतल्या आपल्या नुकसानीपैकी ४४ टक्के कॉलेजच्या मुलांमुळे होतं असं आधी सांगितलं होतं. जानेवारी २००८ मध्ये कबूल केलं की हिशेब चुकला, आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आहे. आणि तरी त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात कलम आलं की प्रत्येक विद्यापीठानं बेकायदा वाटप रोखण्याची योजना आखावी, त्यात काही तांत्रिक उपाय असावा आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना लेखी ताकीद द्यावी.

डिसेंबर २००८ मध्ये गाण्यांच्या संघटनेनं असे सरसकट दावे लावणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोवर तीस हजारांहून जास्त लोक या तडाख्यात सापडले होते. आधीचे खटले मात्र चालूच राहिले. बॉस्टन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या एका मुलाला जुलै २००९ मध्ये ज्यूरीनं तीस गाण्यांसाठी ६ लाख ७५ हजार डॉलर भरपाई द्यायला सांगितली. गर्टनरबाईंनी ती दहा टक्क्यांवर आणली, पण पुढे अपिलात मूळ आकडाच कायम झाला.

आपल्याकडचं काय? फर्पासारखा केवळ विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठीचा कायदा आपल्याकडे नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण एखादा कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती लागत असेल तर त्यातल्या बहुतेक अटींतून सूट मिळते. आणि 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी, सेवा पुरवणाऱ्यांनी आणि सरकारी संस्थांनी संगणकांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. सायबर हल्ल्यांच्या तपासासाठी हे ठीकच आहे. पण नेब्रास्काचा तो महिना इथं मिळणार नाही. तुमच्या मुलांच्या कॉलेजचं वायफाय मोबाइल नंबर टाकल्याशिवाय सुरू होत नसेल, तर त्या नोंदी कुणाकडे जातात आणि कुणी मागितल्या तर कॉलेज मुलाला कळवणार का, हे प्राचार्यांना एकदा विचारून बघा.

आणि ज्यांची मुलं यंदा अमेरिकेला निघाली आहेत त्यांच्यासाठी एक. पहिल्याच सत्रात विद्यापीठाकडून कॉपीराइटच्या ताकिदीचा मेल येतो. तो २००८ च्या त्या कलमामुळे. फर्पाखालच्या हक्कांची सूचनाही दरवर्षी येते, ती न वाचता पुसू नये. डिरेक्टरी इन्फर्मेशन रोखण्याचा अर्ज रजिस्ट्रारच्या कार्यालयात मिळतो. त्यानं कोर्टाचं समन्स अडत नाही, पण नाव-पत्ता कुणालाही सहज दिला जात नाही. फक्त एक लक्षात ठेवा: हा अर्ज भरला की नोकरी देणाऱ्या कंपनीनं पदवीची खातरजमा करायला फोन केला तरी पुष्कळ ठिकाणी 'माहिती देता येत नाही' एवढंच उत्तर मिळतं. तेव्हा नोकरी शोधायच्या वर्षी तो मागं घ्यायचा का, हे मुलांनी आधीच ठरवावं. नमस्कार.