उंबराच्या आत काय चाललंय

(ड्रोन: कृष्णेचं वळण, घाट, पायऱ्या)

ही कृष्णा, आणि हा औदुंबरचा घाट. पलूस तालुका, जिल्हा सांगली. पलीकडच्या काठाला भिलवडी. दत्ताचं ठिकाण म्हणून अख्खा महाराष्ट्र ओळखतो, नृसिंहसरस्वतींनी इथं चातुर्मास केला, पौर्णिमेला तर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही मात्र कॅमेरा घेऊन आलो ते झाडासाठी, ज्या झाडावरनं गावाला नाव पडलं त्या उंबरासाठी.

कुणी लई दिवसांनी भेटला की आपण म्हणतो, काय राव, उंबराचं फूल झालास की! कारण उंबराचं फूल कुणी बघितलेलंच नसतं. आता बघा.

(कापलेलं कच्चं उंबर, मॅक्रो)

ब्लेडनं मधोमध कापलंय. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर एक बंद पिशवी आहे आणि सगळी फुलं आतल्या बाजूनं लागलेली, शेकड्यांनी. बाहेरनं आत यायला दार एकच, ते टोकाला दिसतंय तेवढंच, त्याच्यावर पण पापुद्र्यावर पापुद्रे. मधमाशी नाही, फुलपाखरू नाही, वारासुद्धा आत जात नाही. मग परागकण आत पोचवणार कोण?

तर केंबरं. पिकलं उंबर फोडलं की आतनं उडतात ती. बांधावर वाढलेल्या प्रत्येकाला माहितीयत, आम्ही तर फुंकर मारून खाल्लीयत उंबरं. ही केंबरं गांधीलमाशीच्या खानदानातली, पण लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. उंबरावर येणाऱ्या या जातीचं नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, आणि उंबराच्या फुलांपर्यंत पराग नेण्याचं काम हीच करते. अंजीर-वड-उंबर हे कूळ आणि ही चिलटाएवढी मंडळी यांची सोयरीक 7-8 कोटी वर्षांची असावी असा अंदाज आहे.

(मादी दाराशी)

हा शॉट मिळायला आमचे चार दिवस गेले त्यामुळं जरा निवांत बघा. आतली फुलं तयार झाली की उंबर एक वास सोडतं, आपल्या नाकाला काही कळत नाही पण हिला लांबनं कळतो. आता ती घुसतेय. पापुद्र्यांतनं अंग रेटत रेटत जाताना पंख तुटून पडतात, ते बघा पंख बाहेरच राहिले, मिशांचे तुकडे पण गेले. आता परत फिरायचा विषयच नाही. तिच्या छातीखाली दोन खिसे आहेत, अगदी खिसेच म्हणायचे, आणि त्यात ज्या उंबरात ती जन्मली तिथले पराग भरून आणलेत. ते काढून ती स्वतः फुलांवर लावते, अंगाला चिकटलेलं चुकून सांडलं असं नाही. आणि ते करता करता अंडी घालते. आखूड दांड्याच्या फुलात अंडं, लांब दांड्याच्या फुलापर्यंत तिची सुई पोचत नाही म्हणून तिथं बी. दोघांचा वाटा ठरलेला. मग ती तिथंच मरते.

काही आठवड्यांनी हेच उंबर.

(आतला भाग, नर)

पहिले नर निघतात. पंख नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. माद्या अजून आपापल्या कोठडीत असतानाच हे भिंतीला भोक पाडून त्यांच्याशी संग करतात, मग सगळे मिळून उंबराच्या सालीतनं बोगदा खणतात आणि बहुतेक सगळे संपतात. उजेड बघायचा तो पोरींनी. तोवर आतली नर फुलं पिकलेली असतात, माद्या खिसे भरून घेतात आणि बोगद्याची वाट धरतात.

(बोगद्याच्या तोंडाशी मुंग्या)

बाहेर या बसल्यात. स्लो मोशनमध्ये बघा, एक निघाली, दुसरी निघाली, तिसरी गेली मुंगीच्या तोंडात. मुंग्यांचा राग येतो खरा, पण झाडाला त्या लागतात. कारण ही दुसरी पाहुणी बघा, लांबलचक शेपटीवाली. ती आत शिरतच नाही, बाहेर बसून सुईनं साल भोसकते आणि आतल्या पिलांवर स्वतःची अंडी सोडते. 2014 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना असल्याच एका जातीच्या सुईच्या टोकात जस्त सापडलं, टोकाला धातू, ड्रिलच्या बिटसारखं! अशा फुकट्या पाच-सहा जाती उंबरावर जगतात, आणि भोसकायला वेळ लागतो म्हणून मुंग्यांना त्या आयत्याच सापडतात.

(संध्याकाळ: हरियाल, तांबट, मग वटवाघळं, खाली पाण्यात पडणारी उंबरं, मासे)

...

(बांध, उसाचा फड, कडेला उंबराचा बुंधा)

आता मुद्दा. बाहेर पडलेली मादी जगते एखादा दिवस, फार तर दोन. आणि एका झाडावरची उंबरं बहुतेक वेळा एकाच टप्प्यावर असतात, म्हणजे तिच्या झाडावर तिला उपयोगाचं कोवळं उंबर त्या दिवशी नसतंच. तिला दुसरं झाड पाहिजे, वाऱ्याच्या टप्प्यात पाहिजे आणि आजच पाहिजे. देवळातल्या उंबराला कुणी हात लावत नाही, त्याला कट्टा आहे, प्रदक्षिणा आहे. पण त्याचं केंबरू जाणार ते ओढ्याकडंच्या नाहीतर बांधावरच्या उंबरावर, आणि त्याला कट्टा नाही. बांध कोरला, रस्ता रुंद झाला, सावलीनं ऊस येत नाही म्हणाले, गेलं. मग केंबरं नाहीत, बी नाही, पाखरांना ऐन उन्हाळ्यात खायला नाही.

(एक मादी, पानाच्या टोकावर)

ही मुंग्यांतनं वाचली. पंख पुसतेय. उडाली तेव्हा आमचा फोकस सुटला, म्हणून शॉट इथंच तुटतो. वारा भिलवडीकडं होता.