पद्मिनीचे पॉइंट

(बॉनेट उघडतं)

ही प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १,०८९ सीसी. चढाला मिसिंग मारते, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून गचके खाते, म्हणून मिस्त्रींकडे आली आहे. पाच वायरी निघालेली ही काळी टोपी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची. मधली वायर व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलची, बाकीच्या चार ठिणगी पाडणाऱ्या प्लगांच्या. फायरिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम १, ३, ४, २.

क्लिपा सुटल्या, टोपी निघाली, आत फिरून करंट वाटणारा रोटर बाजूला ठेवला. आता जवळून बघा. मसुराच्या दाण्याएवढी ही दोन टोकं म्हणजे पॉइंट. मधल्या दांड्याला चार कंगोरे आहेत. कंगोरा फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला करंट तुटतो आणि त्याच क्षणी हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा.

एका टोकावर टेकाड, दुसऱ्यावर खड्डा. मिसिंग इथलंच. मिस्त्री बारीक कानस फिरवतात, टेकाड पुरतं जाईपर्यंत.

गाडी टॉप गिअरला. पोरगा मागून हळूहळू ढकलतोय, कंगोऱ्याचं टोक टाचेखाली येईस्तोवर. बस्स! स्क्रू ढिला केला, पॉइंटांमधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पाती घातली. ०.४५ मिलिमीटर. पाती अडकता कामा नये, पण सरकताना बोटाला किंचित ओढ जाणवली पाहिजे. स्क्रू आवळताना फट हलते. म्हणून आवळल्यावर मिस्त्री परत पाती घालतात. ही दुसरी मोजणी टाळली की सगळी मेहनत वाया.

गॅप, म्हणजे ही फट आधी; टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ नंतर. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात, त्यामुळे ठिणगीही लवकर पडते. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा, गाडी परत हळूहळू ढकलायची. हवा अंगठ्याला रेटते, म्हणजे कॉम्प्रेशन आलं. पुलीची खूण जुळवली. टेस्ट लॅम्पचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला, दुसरं बॉडीला. किल्ली ऑन. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर केसाकेसाने फिरवतात...

दिवा लागला, म्हणजे पॉइंट उघडले. तिथेच बोल्ट आवळायचा. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकतं, उशिरा पडली तर तापतं.

पाती, कानस, स्क्रूड्रायव्हर, पाना, एक बल्ब. एवढ्या सामानात बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हाताने दुरुस्त होतो. असं यंत्र भंगारात घालवू नये.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली.

टोपी बसली. क्लिपा लागल्या.

(किल्ली फिरते. इंजिनाचा आवाज. इथून पुढे निवेदन नाही.)