मुक्कामी गाडी आणि दहा मिनिटं

पत्रिकेत विषय छापलाय, ‘दूरचित्रवाणीवरील लघु माहितीपट आणि नवे दिग्दर्शक’. वाचून मलाच जांभई आली. तरी तुम्ही एवढे जण आलात, आणि आज क्रिकेटची मॅच आहे हे मघाशी चहाच्या वेळी मला तीन वेगवेगळ्या लोकांनी मुद्दाम सांगितलं, त्यामुळे मी भारावून गेलोय. चित्रमहर्षी बाबूराव पेंटरांच्या गावात, कोल्हापुरात येऊन चित्रपटावर बोलायचं म्हणजे आगाऊपणाच. त्यात मी सुरुवात करणार आहे कुस्तीपासून. खासबाग मैदान इथून जवळच आहे, तेव्हा काही चुकलं तर उचलून तिकडे नेऊ नका एवढीच विनंती.

१८९९ साली मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. माणूस पेशानं फोटोग्राफर. कॅमेरा लंडनहून मागवलेला, आणि रीळ धुवायला पुन्हा लंडनला. (हल्ली कॉम्प्युटरवर तयार फिल्म एक्स्पोर्ट व्हायला पाच मिनिटं लागली तरी आमची मुलं हवालदिल होतात.) भारतातला पहिला माहितीपट कुठला असं विचारलं की याच कुस्तीचं नाव पुढे येतं. दोन वर्षांनी, १९०१ मध्ये, रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांचं मुंबईतलं स्वागतही सावेदादांनीच टिपलं.

आता गंमत बघा. या माणसापुढे नमुना म्हणून एकही भारतीय माहितीपट नव्हता. त्याच्याइतका नवा दिग्दर्शक पुन्हा होणे नाही. पण त्यानं ‘भारतीय मल्लविद्या : काल, आज आणि उद्या’ असा विषय घेतला नाही. त्यानं एक कुस्ती घेतली. पाठ लागली की कुस्ती संपते. शेवट काय करायचा म्हणून दिग्दर्शकाला रात्रभर डोकं धरून बसावं लागत नाही. मी पंचवीसेक वर्षं नवोदितांच्या फिल्म संकलित करतोय, आणि माझं सगळं म्हणणं खरं तर इथंच संपतं. पण मानधन तासाभराचं ठरलंय.

तर माझ्या पहिल्या फिल्मची गोष्ट सांगतो. काहींनी ऐकली असेल. त्यांनी कृपया आधी हसू नये.

साल १९९६. एका वाहिनीनं नवोदितांसाठी दहा-दहा मिनिटांचे माहितीपट करायला दिले होते. वाहिनीचं नाव सांगत नाही. मी विषय दिला, ‘ग्रामीण वाहतुकीच्या समस्या’. एका फटक्यात मंजूर. विषय इतक्या लवकर मंजूर झाला म्हणजे काहीतरी चुकलंय, हे कळायचं माझं वय नव्हतं. भाड्याचा बीटाकॅम कॅमेरा, दोन दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार कॅसेट. म्हणजे दहा मिनिटांसाठी एकूण दोन तास. पाचवी कॅसेट स्वतःच्या खिशातून, आणि खिसा तर एस.टी.च्या तिकिटातच रिकामा झालेला.

भुदरगड तालुक्यातलं एक गाव. त्याचंही नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर नाराज आहेत. माझ्याकडे प्रश्नांची यादी होती : सरपंचांची मुलाखत, शिक्षकांची मुलाखत, एक वयोवृद्ध ग्रामस्थ. पोचलो तर सरपंच लग्नाला गेलेले, शिक्षक त्याच लग्नाला, आणि वयोवृद्ध ग्रामस्थ म्हणाले, मला ऐकू येत नाही. संपूर्ण दुपार पारावर बसून काढली. कॅमेरामन माझ्याहून वयानं बराच मोठा. तो काही बोलत नव्हता, आणि ते जास्त लागत होतं.

रात्री साडेआठला घाटात दोन दिवे दिसले. मुक्कामी गाडी! गावातली कुत्री आधी धावली, मग पोरं. गाडी देवळापाशी लागली. कंडक्टर उतरला, देवळातल्या बल्बखाली पत्र्याची पेटी उघडून बसला आणि दिवसभराची चिल्लर मोजायला लागला. ड्रायव्हरनं बादलीभर पाण्यात तोंड धुतलं. थोड्या वेळानं एका घरातून फडक्यात बांधून भाकरी आली, बरोबर सुकटाची चटणी. गावात पाळी ठरलेली, आज या घरची भाकरी, उद्या त्या घरची. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपला, कंडक्टर देवळाच्या ओसरीवर. कॅमेरामननं मला न विचारता कॅमेरा खांद्यावर घेतला होता. मी अजून सरपंचांची वाट बघत होतो!

पहाटे साडेपाच. थंडी. दुधाच्या किटल्या टपावर चढल्या, गारगोटीला कॉलेजला जाणारी पोरं आली, एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन पुढच्या सीटवर बसली. आणि गाडी चालू होईना. स्टार्टर खुर्रर्र करायचा आणि गप्प. पुन्हा खुर्रर्र. सगळे खाली उतरले, बाई सोडून. उताराच्या बाजूला तोंड करून गाडी ढकलली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, काळा धूर, पोरांची आरोळी, पळत्या गाडीत चढणं, आणि कंडक्टरची डबल बेल. टण् टण्. गाडी वळणावर गेली. कॅमेरामन म्हणाला, “कॅसेट संपली.”

देवानं दिलेला शेवट हो! संकलनाला बसलो तर काही करायचंच नव्हतं. रात्री गाडी येते, पहाटे जाते. मध्ये दहा मिनिटं.

मग वाहिनीतल्या साहेबांनी फिल्म बघितली. म्हणाले, “निवेदन कुठंय?” मी म्हटलं, नाही ठेवलं. “मग प्रेक्षकाला कळणार कसं?” म्हटलं, गाडी दिसतेय ना. “दिसतेय, पण ती गाडी आहे हे सांगायला नको?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. एका भारदस्त आवाजात निवेदन चढवलं गेलं : “भारत हा खेड्यांचा देश आहे.” कुठं चढवलं? बरोबर त्या खुर्रर्रवर. आणि खाली संतूर. संतूरचं माझं काही वाकडं नाही, पण पहाटे साडेपाचला भुदरगडात ते कुणी वाजवत नाही.

तेही गिळलं. प्रसारणाच्या दिवशी आधीचा कार्यक्रम लांबला. आमची फिल्म वेळेत बसवायला शेवटची चाळीस सेकंदं कापली. पडद्यावर काय दिसलं? गाव गाडी ढकलतंय, ढकलतंय, ढकलतंय, आणि कपडे धुण्याची पावडर!

गावानं हे ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर एकत्र बसून बघितलं. चार महिन्यांनी मी गेलो, तर कंडक्टर लांबूनच म्हणाला, “काय वो सर, आमची गाडी चालूच क्येली न्हाईसा तुमी!” डेपोत त्याला रोज विचारत होते, “झाली का रं चालू?” ड्रायव्हर तर माझ्याशी बोललाच नाही. त्याच्या गाडीची अब्रू मी महाराष्ट्रभर घालवली होती. मी पूर्ण फिल्मची व्हीएचएस कॅसेट नेली होती. गावात व्हीसीआर नव्हता.

चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे.’ बरं.

मूळ मुद्दा भराभर सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ मुलांकडे विषय असतो, घटना नसते. पाणीटंचाई हा विषय झाला. टँकर येण्याआधीचा एक तास, ही घटना. तिला स्वतःचं घड्याळ असतं. आज मेमरी कार्डामुळे मुलं चाळीस-चाळीस तासांचं चित्रीकरण आणतात, त्यात वीस ड्रोनचे शॉट, आणि विचारतात, सर, यातून काय निघेल? मी चार कॅसेटचं गुणगान करत नाही, उपासमारीचं कुणी करू नये. पण कॅमेरा बंद कधी करायचा हे चित्रीकरणाच्या जागी ठरलं नसेल, तर ते संकलनाच्या टेबलावर ठरत नाही. निवेदनाचंही तसंच. आधी फिल्म आवाज बंद करून बघा, मग चित्र बंद करून ऐका, आणि दोन्ही वेळा काही कळलं नाही तरच लिहा.

दुसरं, जागेबद्दल. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या फिल्म थिएटरांना सक्तीनं दाखवाव्या लागत आणि प्रेक्षक तेवढ्या वेळात बाहेर वडा खात. सक्तीचं तसं होतं. पण त्याच सक्तीमुळे संस्था चालली आणि शास्त्री, सुखदेव, प्रमोद पती या दिग्दर्शकांना हात मोकळा करता आला. २००० साली स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टनं दूरदर्शनसाठी शेकडो माहितीपट करून घेतले, त्यांत नवखेही होते. ब्रिटनमध्ये चॅनल फोर संध्याकाळच्या बातम्यांनंतर नवोदितांना तीन-तीन मिनिटं द्यायचं. तीन मिनिटं, पण ठरलेल्या वेळी, बातम्यांचे प्रेक्षक उठायच्या आत. आपल्या चोवीस तासांच्या मराठी बातम्यांतून रोजची तीन मिनिटं मागितली तर कुणाचं काय बिघडणार आहे? एक चर्चा थोडी लवकर संपेल. मी हे दोन वाहिन्यांना लिहून दिलंय. पोच आली.

तिसरं, माझ्या विरुद्धचा पुरावा मीच देतो. एस. एन. एस. शास्त्रींची १९६७ सालची ‘आय ॲम ट्वेंटी’ बघा. तीत घटना नाही, नुसती तरुण पोरं बोलतात, आणि तरी ती हलू देत नाही. मी बरीच वर्षं यावर अडलो होतो. मग लक्षात आलं, ती सगळी पोरं स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली आहेत. पोरं आणि देश, दोघं एकदमच वीस वर्षांचे. घड्याळ तिथंही आहे, फक्त भिंतीवर टांगलेलं नाही. यावर वाद घालायचा असेल तर नंतर घाला, मला आवडेल.

पुन्हा चिठ्ठी. मी पेनड्राइव्ह आणलाय, त्यात ती मूळ दहा मिनिटं आहेत, निवेदनाशिवाय, डबल बेलसकट. संयोजक म्हणतायत, हॉल नऊला बंद होतो, आठ मिनिटं दाखवता येतील.

म्हणजे गाडी आजही चालू होणार नाही. दिवे घालवा.