साइट बांधणार कोण, सांभाळणार कोण?

(दादरला लघुउद्योजकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर दिवाळीच्या फराळाचे व्यवसाय करणाऱ्या ताई दिसताहेत, लालबागचे मसालेवाले आहेत, क्लास चालवणारे आहेत आणि मागच्या रांगेत गणपतीच्या मूर्तींचे कारखानदार आहेत. यांना श्रावण लागला की जेवायलाही फुरसत नसते. हे मुद्दाम सांगतोय. धंद्याची वेबसाइट बांधायला ‘वर्डप्रेस घेऊ की विक्स?’ असं सगळे विचारतात, पण त्याचं उत्तर त्या श्रावणातच आहे. ऐन गर्दीत दोन फुटी मूर्तीचं बुकिंग संपलं. आता साइटवरून ती मूर्ती काढणार कोण? कारखान्यातलाच एखादा मुलगा, हातातल्या मोबाइलवरून? की साइट करून देणाऱ्या डेव्हलपरला फोन लावायचा आणि तो ‘परवा बघतो’ म्हणणार? आधी तो माणूस ठरवा. साधन त्याला झेपेल असं घ्या.

साधनं ढोबळमानाने दोन जातींची. वर्डप्रेस २००३ साली आलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, आणि मुख्य म्हणजे देखभालीचे. थीम म्हणजे साइटचं रूप आणि प्लगइन म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्रॅम, हे वेळच्या वेळी अपडेट करावे लागतात. जुन्या प्लगइनच्या फटीतूनच बहुतेक घुसखोर शिरतात आणि मग तुमच्या लोणच्याच्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. दुसरी जात विक्स आणि शॉपिफाय या तयार सेवांची, दोन्ही २००६ सालच्या. हा लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेला गाळा समजा. गळती लागली तर मालक बघतो, पण भाडं चुकत नाही आणि सोडताना भिंतीतली कपाटं उचलून नेता येत नाहीत. मालाची यादी फाइलमध्ये उतरवून घेता येते, पण साइटची मांडणी दुसरीकडे नव्यानेच करावी लागते. तरीही एकट्याने धंदा करणाऱ्याला मी हाच भाड्याचा रस्ता सुचवतो. वर्डप्रेस वाईट आहे म्हणून नाही, रात्री अकराला पॅकिंग संपवून प्लगइन अपडेट करत बसणारा माणूस मला अजून भेटायचाय.

फुकटचं काय? गूगलच्या नकाशावर दुकान दाखवणाऱ्या बिझनेस प्रोफाइलमध्ये एक छोटी वेबसाइट फुकट करून मिळायची. कित्येकांनी तीच केली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट बंद केल्या आणि जूनमध्ये त्या साइटचा पत्ताच चालेनासा झाला. प्रोफाइल राहिलं, नकाशावरचं दुकान राहिलं, पण ज्यांनी टेम्पोवर तो पत्ता रंगवून घेतला होता त्यांनी करायचं काय? ज्यांनी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेऊन ते तिकडे जोडलं होतं, त्यांना पत्ता तोच ठेवून दुसरीकडे बिऱ्हाड हलवता आलं.

म्हणून डोमेन. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण भांडणं इथेच होतात. साइट भाच्याने करून दिलेली असते. डोमेन त्याच्या इमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. भाचा नोकरीसाठी बंगळुरूला जातो, कंपनीचा फोन मिळतो, जुना नंबर बंद होतो. नूतनीकरणाची आठवण करून देणारी पत्रं कोणीच न उघडणाऱ्या इमेलवर साचत राहतात. डॉट कॉमची मुदत संपली की सवलतीचे काही दिवस मिळतात, मग तीस दिवसांचा आणखी एक टप्पा असतो आणि त्यात नाव सोडवून घ्यायला चांगलाच दंड बसतो. त्यानंतर ते नाव कोणीही उचलावं. भाच्याचा काही दोष नाही हो, त्याला कोणी विचारलंच नाही. डोमेन धंद्याच्या नावावर घ्या, धंद्याच्या इमेलवर घ्या, जमल्यास तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरा. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. डॉट इन चालेल, डॉट कॉमही चालेल. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. हौसेने जरूर घ्या, पण सोबतीला. त्यावरचा इमेल अजून सगळीकडे धड चालत नाही.

आता एक बारीकशी गोष्ट, पण आपल्या मराठी माणसांना हमखास नडणारी. प्रेसमध्ये छापलेलं दरपत्रक तुम्ही डेव्हलपरला पाठवता. ते डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये असतं, साइटवर टाकलं की ‘चकली’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. मग तो वैतागून दरपत्रकाचा फोटोच चिकटवतो. फोटोतली चकली शोधणाऱ्याला सापडेल का? शिवाय भाव पाच रुपयांनी वाढला तर पुन्हा नवा फोटो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर तो तसाच होतो.

ऑनलाइन विक्री करणार असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि परताव्याच्या अटी साइटवर लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. खाण्याच्या पदार्थांना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक दाखवा. रोजच्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच असतील तर साइटवरच पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेच्या भानगडीत सध्या पडू नका. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर, यूपीआयवर पैसे, साइटवर फक्त माल आणि भाव. एवढ्यावर धंदा छान चालतो.

आणि डेव्हलपरचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. डोमेन, होस्टिंग आणि साइट, तिन्हीचे पासवर्ड तुमच्या वहीत आले, त्याच्यासमोर बसून तुम्ही स्वतः एका वस्तूचा भाव बदलून दाखवला, बॅकअप, म्हणजे साइटची राखीव प्रत, कुठे आहे ते त्याने उघडून दाखवलं, की मग तो हप्ता द्या. चला, आता प्रश्न घेऊ. मूर्तीवाल्यांपासून सुरुवात करूया, त्यांना लवकर निघायचंय.