ओव्हरटाइमवरील करसवलत आणि आपला कामगार

श्रोतेहो, नमस्कार.

ठरलेली पाळी संपल्यानंतरही यंत्रासमोर उभे राहून कामगार जो जादा मोबदला मिळवतो, त्यावर आयकर घेऊ नये, ही सूचना कोणालाही चटकन पटावी अशी आहे. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी 2024 च्या निवडणूक प्रचारात ती मांडली आणि 4 जुलै 2025 रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्यात तिला स्थानही मिळाले. मात्र आश्वासन आणि तरतूद यांत बरेच अंतर राहिले. तिथे सामान्यतः आठवड्याच्या 40 तासांनंतरच्या कामाला दीडपट दर द्यावा लागतो आणि करातून वजावट मिळते ती केवळ वरच्या अर्ध्या पटीची. तासाला 20 डॉलर मिळवणाऱ्याला ओव्हरटाइमचे 30 डॉलर मिळाले, तर त्यांपैकी 10 डॉलरच सुटतात. वर्षभरात असे 200 तास भरले आणि त्याला 12 टक्के दराने कर लागत असला, तर बचत होते 240 डॉलरची. सामाजिक सुरक्षेची कपात पूर्ण रकमेवर होतच राहते.

फ्रान्सने हा प्रयोग 2007 मध्येच केला होता. पियेर काउक आणि स्तेफान कार्सिलो या अर्थतज्ज्ञांनी त्याची तपासणी केली, तेव्हा प्रत्यक्ष कामाचे तास फारसे वाढलेले आढळले नाहीत; उच्चकुशल नोकरदारांनी मात्र कागदावर जादा तास दाखवून करलाभ घेतल्याचे दिसले. 2012 मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली आणि 2019 मध्ये वार्षिक कमाल मर्यादा घालून पुन्हा आली.

आपल्याकडे अशी सवलत आणली, तर ती कोणापर्यंत पोहोचेल? 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराच्या 12 लाख 75 हजार रुपयांपर्यंतच्या वार्षिक पगारावर आयकर लागत नाही. महिन्याला 25 हजार रुपये घेणाऱ्या कामगाराने वर्षभर ओव्हरटाइम केला, तरी तो या मर्यादेच्या आसपासही जात नाही, आणि जो कर मुळात लागत नाही, त्याची माफी त्याला काय देणार? लाभ होईल तो मोठ्या कारखान्यांतल्या चांगल्या पगाराच्या, जुन्या कायम कामगारांना. त्यांचे कष्टही खरेच आहेत. पण ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, ते या सवलतीच्या बाहेरच राहतील, हे मला फार खटकते.

जादा कामाला दुप्पट दर देण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमाने घातले आणि नव्या श्रमसंहितांनीही ते कायम ठेवले. तरीही ठेकेदाराकडच्या कामगाराला अनेकदा ‘सिंगल ओटी’वर, म्हणजे साध्याच दराने, राबावे लागते. त्याच्यासाठी तासामागे निम्मी रक्कम बुडणे हाच सर्वांत जड कर आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्यास, कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर, मान्यता दिली. तास वाढवायचे असतील, तर प्रत्येक पगारपत्रकावर ओव्हरटाइमचे तास आणि दर स्वतंत्रपणे छापलेच पाहिजेत, ती रक्कम बँक खात्यातच जमा झाली पाहिजे आणि ठेकेदाराने दुप्पट दर बुडवला, तर फरक मूळ मालकाकडून वसूल झाला पाहिजे. करसवलतीचा विचार त्यानंतर करता येईल.

नमस्कार.