आधी विचारा, कधी बंद पडला?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. ओळख करून देताना मला 'तंत्रज्ञ' म्हटलं गेलं. ते जरा जास्तच झालं. मी पिंपरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. मेंटेनन्सचा माणूस म्हणजे सगळं चालू असताना कुणाला आठवत नाही आणि बंद पडलं की ज्याला भरल्या ताटावरून उठवतात तो. फळ्यावर विषय लिहिलाय, 'डिशवॉशर मधेच बंद पडतो तेव्हा काय तपासावं'. वेळ दिलाय पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं माईकने खाल्ली. त्याचंही लूज कनेक्शनच होतं, पण आयोजकांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. साडेसहाला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय.

घरी डिशवॉशर असलेल्यांनी हात वर करा. तेरा, चौदा... छान. हाच प्रश्न २०२० च्या आधी विचारला असता तर दोन हात वर आले असते. लॉकडाऊनमध्ये मावशींना सोसायटीच्या गेटवरून आत सोडेनात, तेव्हा कढईचा तळ घासताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना यंत्रयुगाचा साक्षात्कार झाला. मलाही झाला. साक्षात्कार मला झाला आणि मशीन निवडलं हिने, तेही खरंच.

बोलता बोलता ही एक वस्तू फिरवतो. हातात घ्या, वास घ्या, पुढे द्या. हा थ्री पिन टॉप आहे, म्हणजे डिशवॉशरच्या वायरीचा तीन पिनांचा प्लग. मूळचा पांढरा.

हे यंत्र तुम्हा-आम्हाला नवं असेल, पण आहे भलतंच जुनं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफीन कॉक्रेन नावाच्या बाईंनी ते केलं आणि २८ डिसेंबर १८८६ ला त्यांना पेटंट मिळालं. त्याच १८८६ च्या मार्चमध्ये, त्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही. पण एका वर्षात एकीने भांड्यांच्या ढिगातून सुटायची वाट काढली आणि दुसरी चुलीपासून इतक्या लांब जाऊन डॉक्टर झाली, हे मला बरं वाटतं म्हणून सांगितलं. कॉक्रेनबाईंचे यजमान कर्ज मागे ठेवून वारले होते, म्हणजे हौस म्हणून केलेला उद्योग नव्हता हा. पुढे १८९३ ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं मांडली गेली. हो, विवेकानंद गेले तेच साल, तेच गाव. त्यांनी यंत्र पाहिलं का, हे विचारू नका. बाईंचं पहिलं यंत्र हाताने चालवायचं होतं. तेव्हा वीज गेली म्हणून धुणं अर्धवट राहिलं, ही तक्रार त्यांच्याकडे कुणी केली नसणार.

आता माझी तक्रार. गेल्या पावसाळ्यात आमचा डिशवॉशर मधेच मरायला लागला. मरायला म्हणजे पॅनलचे सगळे दिवे गुल. कुठला एरर कोड नाही, बीप नाही. आत अर्धवट धुतलेली भांडी आणि त्यावर साबणाचा ओघळ. अर्ध्या तासाने बटण दाबलं की शहाण्यासारखा सुरू. कंपनीला फोन केला. एक दाबा, तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चौथ्या दिवशी एक तरुण मुलगा आला. मशीन बाहेर ओढलं, प्लग काढला, सॉकेटमध्ये टेस्टर घातला, दिवा पेटला. "काका, सप्लाय ओके आहे." प्लग परत लावला, फिल्टर धुतला, मीठ भरलं, प्रोग्रॅम लावला, मशीन पूर्ण चाललं. दात दुखतो म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच तो थांबावा, तसं. पाच दिवसांनी पुन्हा मेलं.

दुसऱ्या खेपेला दुसरा मुलगा. "पीसीबी गेलाय." पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. मी म्हटलं, बाबा रे, पीसीबी गेला असता तर अर्ध्या तासाने परत कसा आला? तो म्हणाला, "काका, आजकालचे पीसीबी असंच करतात." ३४ वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ थापा ऐकल्या आणि चार-दोन मारल्याही, पण या वाक्याला तोड नाही. ९,४०० रुपये मोजले. मोजले, कारण हिने सांगितलं की तुमचा वाद होईस्तोवर भांडी कोण घासणार? पीसीबी बदलला, मशीन सहा दिवस चाललं. मी लोकांना सांगत सुटलो की पोराचं बरोबर होतं, माझं चुकलं. सातव्या दिवशी मेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी दाराचा स्विच बदलला. पुन्हा चार दिवस सुख.

हसू नका, यात माझीही लाज आहे. आयुष्यभर कारखान्यात ब्रेकडाउनच्या रजिस्टरमध्ये पहिला रकाना 'वेळ' असतो. बंद कधी पडलं, त्या वेळी मशीन काय करत होतं, हे आधी लिहायचं आणि मग पान्याला हात लावायचा. घरी मात्र मी एकदाही लिहिलं नाही. आणि आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशी, ज्यांचं भांड्यांचं काम या मशीनने नेलं, त्या एक दिवस फडकं पिळता पिळता म्हणाल्या, "काका, त्याचं पोट गरम व्हायला लागलं की जातंय बघा ते. गार असतंय तवर बरं फिरतंय."

मंडळी, मी जागच्या जागी थांबलो. संपूर्ण निदान त्या एका वाक्यात होतं. आपले जुने फॅमिली डॉक्टर आठवा. ताप किती आहे हे ते थर्मामीटर लावून बघायचेच, पण आधी विचारायचे, कधी येतो? रोज संध्याकाळी येतो की दिवसाआड थंडी वाजून येतो? दिवसाआड म्हटलं की हिवताप त्यांच्या डोक्यात आलेला असायचा. मशीनचंही तेच आहे. सगळे विचारतात काय झालं. काय झालं ते दिसतंच आहे, बंद पडलंय. कधी पडलं ते विचारा.

डिशवॉशर सुरुवातीला नुसतं पाणी घेतो आणि पंपाने फिरवतो. पंप समजा शंभर वॅटचा. म्हणजे करंट अर्ध्या अँपिअरच्याही खाली. मग मुख्य धुण्यात हीटर लागतो. तो दोन हजार वॅट धरा, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर. वीसपट करंट. आणि जोड सैल असेल तर तिथे तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीसपट करंट, चारशेपट उष्णता. पिन आणि सॉकेट यांच्यात अर्धा ओहम रोध आहे असं धरा. ९ चा वर्ग ८१, त्याचा अर्धा ४० वॅट. रेडिओ दुरुस्त करायचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो! तुमच्या ओट्याखाली, लाकडी कपाटाच्या मागे, प्लॅस्टिकच्या एवढ्याशा टॉपमध्ये दीड सोल्डरिंग आयर्न पेटलेत, आणि तुम्ही बाहेर मालिका बघताय. तापता तापता सॉकेटमधली स्प्रिंगची पकड ढिली होते, संपर्क सुटतो, मशीन मरतं. गार झालं की पुन्हा टेकतं. टेस्टर घालणारा मुलगा खोटं बोलत नव्हता. टेस्टरचा दिवा मिलिअँपिअरच्याही खाली पेटतो. ९ अँपिअर वाहतील का, हे त्याला काय कळणार? शिवाय न्यूट्रल सैल असला तरी टेस्टर फेजमध्ये हसत पेटतो.

आणि दर दुरुस्तीनंतर चार-सहा दिवस बरं का वाटायचं? फिल्टर, पीसीबी, स्विच, या तिन्ही उपचारांत समान काय होतं? तिन्ही वेळा प्लग काढून परत घातला गेला. पिन घासली गेली, वरचा काजळीचा थर खरवडला गेला, तेवढंच. ९,४०० रुपयांत मी पिन पुसून घेतली.

सॉकेट उघडलं तर आत हे. मॉड्युलर किचन करणाऱ्याने ओट्यावरच्या मिक्सरच्या पॉइंटवरून बारीक वायर ओढून खाली सोळा अँपिअरचं सॉकेट बसवलं होतं. वरून दिसायला पॉवर पॉइंट, आतून मिक्सरचा. त्यातून आमची इमारत १९८४ ची, काही वायरिंग अजून ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सरकतं, वर ऑक्साइड धरतं, आणि जोड दर वर्षी थोडा थोडा सैल होतो. इथे जुन्या इमारतीतले बरेच जण आहेत, त्यांनी एवढं एक तरी वायरमनला विचारा.

किती वाजले? सहा वीस. बघा, विषयाला आत्ता सुरुवात होतेय. भजनी मंडळाच्या पेट्या दारात दिसतायत. भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, खरंच वीज जाते का ते बघा. पॅनलचा दिवा चालू आहे, आकडा दिसतोय, पण मशीन उभं आहे, तर हा वीज जाण्याचा प्रकार नाही. पाणी कमी येतंय, निचऱ्याचा पाइप दुमडलाय, किंवा तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचून आतला फ्लोट उचललाय. त्याचा एरर कोड येतो, पुस्तिका काढा. पॅनल पूर्ण काळं असेल तरच माझं पुढचं ऐका.

दुसरं, मेन बोर्डकडे जा. तिथे काय पडलंय, म्हणजे कुठला स्विच आपोआप बंद झालाय? घरभर काळोख आणि आरसीसीबी पडलाय, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, तर करंट जमिनीत गळतोय. तो साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो. हीटर सुरू व्हायच्या क्षणी पडत असेल तर पहिला संशय हीटरवर. त्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, नळीला चीर गेली की ती ओल धरते. मुलांकडे अमेरिकेला सहा महिने राहून आलात आणि पहिल्याच धुण्याला आरसीसीबी पडला, तर हे आठवा. मेगरने, म्हणजे गळती मोजायच्या मीटरने, तपासून घ्या. आरसीसीबी बायपास करून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा द्या आणि घरी पाठवा.

फक्त स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला स्विच, पडला, तोही दहा-पंधरा मिनिटांनी, तर बहुधा ओव्हरलोड. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकाच सोळाच्या एमसीबीवर असली की वीस अँपिअर होतात. तो लगेच पडत नाही. आतली द्विधातूची पट्टी तापत तापत वाकते आणि मग पाडते. एमसीबीचाच स्क्रू सैल असेल तर त्या उष्णतेने अजून लवकर. सोळाच्या जागी बत्तीसचा टाकणं हा उपाय नव्हे. मग एमसीबी पडणार नाही आणि त्याच्याऐवजी वायर जळेल.

काहीच पडलं नाही आणि पॅनल काळं, तर माझी केस. हीटर न लावणारा थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावून बघा, प्री-रिन्स म्हणतात. तो दर वेळी पूर्ण होतो आणि गरम प्रोग्रॅमच मरतो, तर संशय सॉकेट, पिन टॉप, त्यामागची वायर यांवर. ते निर्दोष निघाले तर मशीनच्या आतलं मेन टर्मिनल आणि पीसीबीवर हीटरच्या रिलेचा, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, सोल्डर. म्हणजे पीसीबीही दोषी असू शकतो, पण त्याचा नंबर शेवटी. एमसीबी बंद करून, हात कोरडे करून प्लग काढा आणि बघा. डाग आहे, प्लॅस्टिक मऊ झालंय, जळका वास येतोय, तर सॉकेट आणि टॉप दोन्ही बदला. एकच बदललात तर जुनं नव्याला बिघडवतं. सोळा अँपिअरचं सॉकेट, तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बोर्डापासून स्वतंत्र. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

दाराला धक्का लागला, भांडी आत खणखणली की बंद पडतो, तर दाराचं कुलूप, त्याचा स्विच, आणि खाली बिजागरीपाशी दारात जाणाऱ्या वायरा. दिवसातून दोनदा दार उघडलं तरी वर्षाला सातशेवर वेळा त्या वायरा वाकतात, एखादी आतल्या आत तुटते. हे काम मेकॅनिकचं, तुम्ही फक्त त्याला 'बिजागरीपाशी बघ' सांगा. आणि काही ताळमेळच नाही, कधी पाचव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या, तर त्याच क्षणी फ्रीजचा दिवा लागतो का बघा. कदाचित लाइटच जात असेल आणि तुमचे बाकीचे दिवे इन्व्हर्टरवर असतील. आमच्या शेजाऱ्यांनी दोन गुरुवार मेकॅनिक बोलावला होता. गुरुवारी, म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायच्या वारी!

हे सगळं फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तीन धुणी लिहून काढा. तारीख, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, दार हाताला गरम की गार, बोर्डात काय पडलं. चार रकाने. आमचा कागद मावशींनी भरला, कारण मला चष्मा सापडेना.

हो, आलो आलो, माइक सोडतो. प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा. फक्त तो पिन टॉप कुणाकडे अडकलाय? मागच्या रांगेत? इकडे द्या. कंपनीचा माणूस उद्या अकराला येतोय आणि मला त्या ९,४०० चं बोलायचंय.