त्रिकोण मोडून बघा

(दृश्य: संगणक प्रयोगशाळा. फळ्यावर खडूने काढलेला त्रिकोण.)

इंजिनिअरिंगचा वर्ग, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तास. संगणकतज्ज्ञ ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली मांडलेला हा प्रश्न. तीन बाजूंच्या लांबी दिल्या की प्रोग्रॅमने सांगायचं, त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज. जावा या संगणकभाषेतला प्रोग्रॅम तयार आहे. मुलांनी तो तपासायचाय, आणि आधी कागदावर.

(दृश्य: वहीचं पान, जवळून.)

३, ४, ५. मग ५, ५, ५. मग ५, ५, ८. बहुतेकांची पेनं इथे थांबतात. मॅडम बाकांमधून फिरत नुसतं विचारतात. एक बाजू शून्य असली तर? उणे असली तर? १, २, ३ दिलं तर? दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच, म्हणजे त्रिकोण नाहीच, नुसती रेघ. ५, ५, ८ चाललं, पण ८, ५, ५? मायर्स यांच्या यादीत असे १४ मुद्दे आहेत. अनुभवी प्रोग्रॅमरही सरासरी ७.८ पर्यंतच पोचतात, असं त्यांनी नोंदवलंय.

प्रत्येक ओळीपुढे अपेक्षित उत्तरही आत्ताच लिहायचं. नंतर लिहिलं, तर पडद्यावर जे आलं तेच बरोबर वाटू लागतं.

(दृश्य: पडद्यावर टेस्टची यादी, हिरव्या-लाल खुणा.)

ही लाल खूण बघा. मागच्या बाकावरच्या जोडीने तिन्ही बाजू २,१४,७४,८३,६४७ दिल्या. जावाच्या ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांच्या, पूर्णांकात मावणारा सर्वांत मोठा आकडा. दोन बाजूंची बेरीज त्यात मावली नाही, उलटून उणे दोन झाली. धडधडीत समभुज त्रिकोणाला प्रोग्रॅम म्हणाला, 'त्रिकोण नाही.' कोड वाचताना ही चूक कुणालाच दिसली नव्हती.

(दृश्य: संग्रहातलं चित्रण. कुरू, फ्रेंच गयाना.)

४ जून १९९६. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण. आधीच्या एरियान ४ चा कोड इथे तसाच घेतला होता. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन तो भाग तपासलाच नव्हता. रॉकेट नष्ट झालं, त्याबरोबर चार उपग्रहही.

(दृश्य: वर्ग. बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकीची नोंद, लिहिणारे हात.)

टेस्टिंगचं हे शिक्षण पदवीच्या शेवटाकडे, तेही वैकल्पिक विषय म्हणून देणं फार उशिराचं आहे. पहिला प्रोग्रॅम लिहिला त्याच आठवड्यात ते सुरू व्हायला हवं.

'प्रोग्रॅम चालत नाही' एवढंच लिहिलेला रिपोर्ट मॅडम परत करतात. कोणते आकडे दिले, काय यायला हवं होतं, काय आलं, पुन्हा तसंच होतं का. एवढं लिहिलं की मगच तो कोड लिहिणाऱ्याकडे जातो. इथे कोड लिहिणारा शेजारच्याच बाकावर बसलाय.